गाडीतला एआय कॅमेरा: जागा, वायरिंग आणि कॅलिब्रेशन

साध्या डॅशकॅमचं काम एवढंच की समोर दिसेल ते साठवायचं. तो चार बोटं डावीकडे बसला किंवा जरा वाकडा राहिला तरी चित्रण होतं आणि बहुतेक वेळा भागतं. एआय कॅमेऱ्याचं तसं नाही. पुढची गाडी किती जवळ आली, आपली गाडी लेनच्या पट्ट्याकडे किती सरकली, चालकाच्या पापण्या किती वेळ मिटल्या, हे तो चित्रावरून मोजतो. म्हणजे हे मोजमापाचं उपकरण आहे, आणि मोजमापाचं उपकरण जसं बसवाल तसंच माप देतं. 'उगाच वाजतो' आणि 'वाजायला हवा तेव्हा गप्प बसतो' या दोन नेहमीच्या तक्रारींचं मूळ बहुतेकदा बसवण्यात सापडतं. म्हणून या लेखात खरेदीपेक्षा बसवण्यावर आणि जुळवण्यावर, म्हणजेच कॅलिब्रेशनवर, जास्त भर आहे.

कॅमेरा अंतर कसं काढतो

हे समजलं की पुढच्या सगळ्या पायऱ्यांचं कारण आपोआप कळतं, त्यामुळे हा भाग गाळू नका.

समोर एकच भिंग असेल तर अंतर थेट मोजायची सोय नसते. कॅमेरा आधी चित्रातली गाडी ओळखतो, मग तिची चाकं रस्त्याला जिथे टेकतात ती जागा शोधतो. ती जागा क्षितिजरेषेच्या किती अंश खाली आहे आणि भिंग जमिनीपासून किती उंच आहे, या दोन आकड्यांवरून तो अंतर काढतो. शाळेतला त्रिकोणमितीचा हिशेबच हा. भिंग १.३ मीटर उंचीवर असेल तर ३० मीटरवरची गाडी क्षितिजाच्या सुमारे २.५ अंश खाली दिसते. आता क्षितिज ओळखण्यात फक्त अर्ध्या अंशाची चूक झाली असं समजा. तीच गाडी एका बाजूची चूक असेल तर २५ मीटरवर भासते, दुसऱ्या बाजूची असेल तर जवळजवळ ३८ मीटरवर. अर्धा अंश म्हणजे डोळ्याला कळणारही नाही इतका कल.

आडव्या दिशेलाही तेच. कॅमेरा एका अंशाने तिरका असेल तर ५० मीटर पुढे ८७ सेंटिमीटरचा फरक पडतो. लेन साधारण साडेतीन मीटर रुंद धरली तर हा तिचा एक चतुर्थांश भाग झाला. असा कॅमेरा तुम्ही लेनच्या मधोमध असताना पट्ट्यावर आल्याचा इशारा देईल.

धडकेचा इशारा मात्र नुसत्या अंतरावर ठरत नाही. दोन गाड्यांमधलं अंतर भागिले त्यांच्या वेगातला फरक, म्हणजेच टक्कर व्हायला उरलेले सेकंद, हा आकडा कॅमेरा सतत काढत असतो. ताशी ७२ किलोमीटर म्हणजे सेकंदाला २० मीटर. या वेगाने उभ्या ट्रककडे जाताना ४० मीटर अंतर राहिलं तर हातात दोनच सेकंद आहेत. अंतर चुकलं की सेकंद चुकतात.

कोणता कॅमेरा घ्यावा

समोर बघणाऱ्या कॅमेऱ्याच्या खोक्यावर बहुधा 'एडास' लिहिलेलं असतं, चालकाकडे बघणाऱ्यावर 'डीएमएस'. मोठ्या वाहनांना याशिवाय बाजूचे कॅमेरे लावतात, आरशात न दिसणाऱ्या पट्ट्यात सायकलस्वार किंवा पादचारी आला तर कळावं म्हणून. खासगी मोटारीला सुरुवातीला समोरचा एक पुरतो. रोज लांब पल्ला असेल, रात्रीचं चालवणं असेल, तर चालकाकडचा कॅमेरा आधी घ्या. थकलेल्या चालकाला त्याचा जास्त उपयोग होतो.

जास्त रुंद कोन म्हणजे चांगला कॅमेरा, अशी समजूत आहे. साठवणीसाठी ती काही अंशी खरी आहे, ओळखण्यासाठी उलटी. चित्राची रुंदी १९२० पिक्सेल आणि भिंगाचा कोन १२० अंश असेल तर ५० मीटरवरची मोटार जेमतेम ३३ पिक्सेल रुंद दिसते. कोन ६० अंश केला की तीच मोटार दुप्पट, म्हणजे ६६ पिक्सेल. एवढ्याशा ठिपक्यातून गाडी, दुचाकी की फलक हे ठरवायचं असतं. त्यामुळे १४० किंवा १७० अंशांची जाहिरात करणारा एकच कॅमेरा साठवणही करतो आणि इशारेही देतो म्हणत असेल, तर त्याचं रिझोल्यूशन १४४० रेषा किंवा ४के असल्याची खात्री करा.

आतली वीज साठवायला लिथियम बॅटरी आहे की सुपरकपॅसिटर, हे जरूर विचारा. उन्हात उभ्या गाडीच्या डॅशबोर्डचं तापमान ७० अंशांच्याही वर जातं. लिथियम बॅटरी एवढ्या उष्णतेत फुगते, आणि फुगलेली बॅटरी काचेजवळ असणं धोक्याचं आहे. सुपरकपॅसिटर फक्त काही सेकंद वीज पुरवतो. शेवटची फाइल नीट बंद करायला तेवढी पुरे.

चालकाकडच्या कॅमेऱ्याला अंधारात बघायला इन्फ्रारेड एलईडी लागतात. ते ९४० नॅनोमीटरचे असलेले बरे. ८५० नॅनोमीटरचे दिवे रात्री मंद लाल चमकतात आणि डोळ्यांना खटकतात. शिवाय सूर्यप्रकाशातला ९४० च्या आसपासचा भाग हवेतल्या बाष्पात बराचसा शोषला जातो, त्यामुळे दिवसाही चित्र स्वच्छ येतं.

आणखी एक गोष्ट मनात पक्की असू द्या. नंतर बसवलेला असा कॅमेरा इशारा देतो, ब्रेक लावत नाही. कारखान्यातून आलेल्या यंत्रणेत कॅमेरा ब्रेक आणि स्टिअरिंगशी जोडलेला असतो, बाहेरून चिकटवलेल्या डबीत ती जोडणी नसते.

जमवायचं सामान

कॅमेरा आणि त्याचं हार्डवायर किट (कॅमेरा थेट फ्यूज बॉक्सला जोडायचा वायरींचा संच), गाडीच्या फ्यूजच्या मापाचे दोन फ्यूज टॅप (फ्यूजच्या जागी बसून नव्या वायरीला वीज देणारी जोडणी), २ किंवा ३ अँपिअरचे फ्यूज, मल्टिमीटर, ट्रिम (आतलं प्लास्टिकचं आच्छादन) उचलायची प्लास्टिकची पट्टी, कापडी वायर टेप, झिप टाय, आयसोप्रोपिल अल्कोहोल, मायक्रोफायबर फडकी, मापटेप, स्पिरिट लेव्हल, ओळंबा, एक सरळ लाकडी पट्टी आणि रंगकामाची कागदी चिकटपट्टी. ओळंबा नसेल तर दोऱ्याला नट बांधला तरी चालतं. ट्रिम उचलायला स्क्रू ड्रायव्हर वापरू नका, प्लास्टिकवर कायमचा वळ उठतो आणि आतल्या क्लिपा तुटतात.

जागा ठरवणं

आतल्या आरशामागे, काचेच्या उभ्या मध्यरेषेच्या शक्य तितकं जवळ. मध्यापासून १० सेंटिमीटरच्या आत बसला तर उत्तम. त्याहून लांब बसवावा लागला तर ते अंतर नंतर कॅलिब्रेशनमध्ये अचूक भरायचं आहे हे लक्षात ठेवा.

वायपर पुसतो त्याच पट्ट्यात भिंग यायला हवं. पाणी शिंपडून वायपर एकदा फिरवा आणि पुसलेल्या भागाची कड आतून कागदी पट्टीने खुणावून ठेवा. काचेच्या वरच्या काठाला काळ्या ठिपक्यांची झालर असते. डबी त्या ठिपक्यांवर चिकटवू नका. तिथे टेपची पकड कमी पडते आणि ठिपके भिंगासमोर आले तर चित्र धूसर होतं. वरच्या काठाच्या रंगीत पट्ट्यातूनही कॅमेऱ्याला बघायला लावू नका.

काही काचांना उष्णता अडवणारा धातूचा पातळ थर असतो. त्यातून जीपीएसचे संकेत नीट येत नाहीत आणि कॅमेरा 'उपग्रह शोधत आहे' यावरच अडकतो. अशा काचेत बहुधा आरशाजवळ थर नसलेली छोटी खिडकी ठेवलेली असते, जीपीएसचा भाग तिथे बसवा किंवा बाहेरचा जीपीएस ॲंटेना असलेला कॅमेरा घ्या.

गाडीला कारखान्याचाच कॅमेरा असेल तर त्याच्या नजरेच्या पट्ट्यात आपली डबी, वायर किंवा स्टिकर काहीही येता कामा नये. त्याची नजर काचेवर खालच्या बाजूला पसरत जाते, त्यामुळे त्याच्या अगदी खाली मोकळी दिसणारी जागा प्रत्यक्षात मोकळी नसते. बाजूला सरका. चालकाच्या नजरेच्या आड येणारं काय चालतं आणि काय नाही याचे नियम प्रत्येक ठिकाणी वेगळे असतात, ते आधी बघून घ्या.

टेपची फीत सोलण्याआधी कॅमेरा पॉवर बँकवर चालू करून फोनवर चित्र बघा. क्षितिज साधारण मध्यावर किंवा किंचित वर यावं आणि तळाशी बॉनेटची पातळ कडा दिसावी. बॉनेटने चित्राचा पाव भाग व्यापला असेल तर भिंग फार खाली झुकलं आहे.

चिकटवणं

काच आधी साबणाच्या पाण्याने, मग आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि पाणी समप्रमाणात घेऊन पुसा. काचेच्या आतल्या बाजूला डॅशबोर्डच्या प्लास्टिकमधून निघालेल्या वाफांचा तेलकट थर बसलेला असतो, तो नुसत्या कोरड्या फडक्याने निघत नाही. जोडणी २० ते ३५ अंश तापमानात करा. थंडीत काच गार असेल तर गाडीचा हीटर लावून ती कोमट होऊ द्या.

फोम टेप ३० सेकंद दाबून धरा, पण कॅमेरा लगेच लटकवू नका. या जातीची टेप लगेच पूर्ण पकड घेत नाही, २४ तासांत बहुतेक आणि ७२ तासांत पूर्ण घेते. नुसतं माउंट एक दिवस राहू द्यावं आणि मग कॅमेरा अडकवावा. घाईत बसवलेली डबी पहिल्या कडक उन्हात सरकते. गळून पडली तर निदान दिसते तरी, पण दोन मिलिमीटर सरकली तर कॅलिब्रेशन बिघडतं आणि कुणाला कळतही नाही.

वायरिंग

सिगारेट लायटरमध्ये खोचूनही कॅमेरा चालतो. ज्यांना गाडी उभी असताना राखण नको आहे त्यांनी तसंच करावं, सोपं पडतं. पार्किंग मोड, म्हणजे उभ्या गाडीची राखण, हवा असेल तर हार्डवायर किट लागतं.

किटला तीन वायरी असतात. बहुतेक ठिकाणी पिवळी कायम विजेची, लाल चावी फिरवल्यावर येणाऱ्या विजेची आणि काळी अर्थिंगची. रंगावर विसंबू नका, किटच्या कागदावर ताडून घ्या.

१. चावी काढा. फ्यूज बॉक्सचं झाकण उघडून फ्यूजच्या माथ्यावरच्या उघड्या टोकांवर मल्टिमीटर लावा. चावी काढलेली असतानाही सुमारे १२ व्होल्ट दाखवतो तो कायम विजेचा फ्यूज. चावी फिरवल्यावरच दाखवतो तो दुसरा. गाडी बंद करून कुलूप लावल्यावर काही मिनिटांनी 'कायम' वाटलेले काही फ्यूज मरतात, म्हणून पंधरा मिनिटं थांबून पुन्हा बघा.

२. एअरबॅग, एबीएस, इंजिन कंट्रोल, स्टिअरिंग आणि हेडलाइट यांच्या फ्यूजना हात लावायचा नाही. कायम विजेसाठी आतला दिवा आणि चावीच्या विजेसाठी ॲक्सेसरी सॉकेट हे सुरक्षित पर्याय आहेत.

३. निवडलेला फ्यूज काढून त्या जागी टॅप बसवा. टॅपच्या पायांजवळच्या खोबणीत जुना फ्यूज, दुसऱ्या खोबणीत नवा. कॅमेरा जास्तीत जास्त १० वॅटच्या आसपास घेतो, म्हणजे १२ व्होल्टवर एक अँपिअरच्याही आत. त्यामुळे २ किंवा ३ अँपिअरचा फ्यूज भरपूर झाला.

४. टॅप उलटाही बसतो, तेव्हा दिशा तपासा. जुना फ्यूज टॅपमधून काढा आणि नव्या वायरवर व्होल्टेज येतं का बघा. आलं तर दिशा बरोबर. नाही आलं तर कॅमेऱ्याचा भारही जुन्या फ्यूजमधून जातो आहे, टॅप काढून फिरवून बसवा.

५. काळी वायर बॉडीच्या उघड्या धातूला लागलेल्या बोल्टखाली घट्ट करा. रंगाच्या थरावर बसवलेलं अर्थिंग आज चालतं आणि पावसाळी दमटपणात दगा देतं. प्लास्टिकमध्ये रुतलेला बोल्ट अर्थिंगला चालत नाही.

६. वायर छताच्या अस्तरातून, मग काचेच्या बाजूच्या खांबातून खाली आणा. या खांबात पडद्यासारखी उघडणारी एअरबॅग असू शकते. वायर तिच्या मागून न्यायची आणि मूळ हार्नेसला, म्हणजे गाडीच्या वायरींच्या जुडग्याला, बांधायची. एअरबॅगवरून आडवी गेलेली वायर ती उघडताना अडवते किंवा चाबकासारखी फेकली जाते. खांबाची ट्रिम उघडायला धजत नसाल तर हा एवढा भाग गॅरेजमध्ये करून घ्या.

दोन कायम विजेच्या जागी पिवळी आणि लाल अशा दोन्ही वायरी जोडल्या गेल्या तर कॅमेऱ्याला गाडी सतत चालू आहे असं वाटतं आणि तो रात्रभर पूर्ण क्षमतेने चालतो. दोन वायरींची अदलाबदल झाली तर गाडी बंद होताच कॅमेराही बंद पडतो. पार्किंग मोड चालत नाही म्हटलं की आधी हेच तपासा.

पार्किंग मोडमध्ये ०.३ अँपिअर वीज जात असेल तर २४ तासांत ७.२ अँपिअर-तास संपतात. ४५ अँपिअर-तासाच्या बॅटरीला एक दिवस हे झेपतं, तीन दिवस नाही. म्हणून किटवर कट-ऑफ व्होल्टेज, म्हणजे बॅटरी किती उतरली की कॅमेरा बंद करायचा तो आकडा, निवडायची सोय असते. साधी लेड-ॲसिड बॅटरी पूर्ण भरलेली असताना १२.६ ते १२.७ व्होल्ट दाखवते, १२.२ ला ती साधारण निम्मी झालेली असते. कट-ऑफ १२.२ किंवा १२.४ ठेवा. ११.८ ची खूण मोहात पाडते, पण तिथवर पोहोचलेली बॅटरी सकाळी इंजिन फिरवेलच असं नाही आणि वारंवार तिथे गेली की तिचं आयुष्यही घटतं. मोठे ट्रक आणि बस बहुतेक २४ व्होल्टच्या असतात, किट दोन्हीसाठी आहे का ते बघूनच घ्या.

मेमरी कार्ड

सेकंदाला १६ मेगाबिट वेगाने साठवणारा कॅमेरा तासाला ७.२ जीबी भरतो. १२८ जीबीच्या कार्डात असे साधारण १६ ते १७ तास मावतात, मागचाही कॅमेरा असेल तर निम्मे. जुन्यावर नवं लिहीत राहिल्याने कार्ड झिजतं, म्हणून 'हाय एन्ड्युरन्स' लिहिलेलं, व्ही३० दर्जाचं कार्ड घ्या. फोनमधून उरलेलं कार्ड घालू नका. ते बरेच महिने चालल्यासारखं वाटतं आणि नेमकं हवं तेव्हा रिकामं निघतं.

फाइलची लांबी एक किंवा तीन मिनिटं ठेवा. फॉरमॅट कॅमेऱ्यातूनच करा, महिन्यातून एकदा. धक्का जाणवला की कॅमेरा ती फाइल कुलूपबंद करतो आणि तिच्यावर पुन्हा लिहीत नाही. धक्क्याची संवेदनशीलता जास्त असेल तर प्रत्येक खड्ड्याला एक फाइल अडकते आणि कार्ड भरून जातं. ती मध्यम किंवा कमी ठेवा.

कॅलिब्रेशन

गाडी सपाट जमिनीवर, समोर १० मीटरवर भिंत असेल अशी उभी करा. चाकांत हवा बरोबर, आत रोज असतो तेवढाच भार.

चार मापं लागतात: भिंगाची जमिनीपासून उंची, गाडीच्या मध्यरेषेपासून डावी-उजवी सरक, भिंगापासून पुढच्या बंपरच्या टोकापर्यंतचं आडवं अंतर आणि गाडीची रुंदी. भिंग काचेच्या आत असल्याने तिथून थेट ओळंबा सोडता येत नाही. काचेवर बाहेरून भिंगासमोर कागदी पट्टीची खूण करा. लाकडी पट्टी त्या खुणेला लावून, स्पिरिट लेव्हलने आडवी राखत, गाडीच्या बाजूबाहेर आणा. बाहेर आलेल्या टोकावरून ओळंबा सोडा. दोरीची लांबी म्हणजे उंची, आणि ओळंबा टेकतो तिथून बंपरच्या रेषेपर्यंतचं जमिनीवरचं माप म्हणजे पुढचं अंतर. मोटारीत उंची बहुधा १.२ ते १.५ मीटरच्या दरम्यान येते. अंदाजाने १.३ लिहून मोकळं होऊ नका, पाच सेंटिमीटरची चूकही दूरच्या अंतरात उतरते.

आता भिंतीकडे या. सपाट जमिनीवर क्षितिज कोणत्याही उभ्या वस्तूला बरोबर कॅमेऱ्याच्या उंचीवर छेदतं. म्हणून भिंतीवर भिंगाच्या उंचीएवढी आडवी पट्टी लावा. ॲपमधली क्षितिजरेषा नेमकी तिच्यावर आणा. उभ्या रेषेसाठी मागच्या काचेच्या मध्यावरून पुढच्या काचेच्या मध्यापर्यंत दोरी ताणून तिची दिशा भिंतीपर्यंत न्या, तिथून भिंगाच्या सरकेएवढं बाजूला जाऊन उभी पट्टी लावा. ॲपमधली मधली रेषा तिच्यावर यायला हवी. १० मीटरवर एक अंश म्हणजे साडेसतरा सेंटिमीटर, तेव्हा दोन सेंटिमीटरच्या आत जुळवलं तर चूक अंशाच्या आठव्या भागाएवढीच उरते. एवढं नीट करायला अर्धा तास लागतो आणि पुढचा सगळा त्रास वाचतो.

यानंतर बहुतेक कॅमेरे रस्त्यावर स्वतःला जुळवून घेतात. कोरडा दिवस, दोन्ही बाजूंना ठळक पट्टे असलेला सरळ रस्ता, पुस्तिकेत दिलेला किमान वेग आणि दहा-पंधरा मिनिटं स्थिर चालवणं. फोनच्या पडद्यावर लक्ष शेजारी बसलेल्याने ठेवायचं, चालकाने नाही.

भाराचा परिणाम इथे सांगायला हवा. २.६ मीटर व्हीलबेसची (पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर) गाडी डिकीतल्या सामानाने मागे पाच सेंटिमीटर बसली की नाक सुमारे १.१ अंश वर उठतं. कॅमेऱ्याला समोरच्या वस्तू खाली, म्हणजे जवळ भासतात. ३० मीटरवरची गाडी त्याला २१ मीटरवर वाटते. सहलीला निघाल्यावरच इशारे वाढले तर कारण हेच. चांगले कॅमेरे लेनचे पट्टे जिथे एकत्र येताना दिसतात तो बिंदू चालता चालता शोधून स्वतःला सावरतात, साधे सावरत नाहीत.

चालकाकडचा कॅमेरा

तो चेहऱ्याच्या शक्य तितका समोर असावा आणि स्टिअरिंग फिरवताना हात किंवा रिम मध्ये येऊ नये. स्टिअरिंग पूर्ण फिरवून दोन्ही टोकांना चित्र बघा. मग नेहमीच्या बैठकीत बसून, नेहमी बघतो तिथे समोर बघत, 'सरळ नजर' नोंदवा. ताठ बसून नोंदवली तर एरवीची आरामाची बैठक त्याला मान खाली घातल्यासारखी दिसते. गाडी दुसरा कुणी चालवणार असेल तर नोंद पुन्हा करा.

झोपेचा अंदाज मुख्यतः पापण्यांवरून घेतात. ठरावीक वेळात डोळे ८० टक्के किंवा जास्त मिटलेले किती काळ होते, या प्रमाणाला पर्क्लॉस म्हणतात. साधी उघडझाप सेकंदाच्या काही दशांशांत संपते. डोळे दीड-दोन सेकंद मिटलेले राहिले की इशारा येतो. ताशी ८० किलोमीटरला दोन सेकंदांत गाडी ४४ मीटर गेलेली असते, म्हणून तो इशारा शेवटचा समजावा आणि त्यानंतर गाडी बाजूला घ्यावी. जांभयांचा इशारा आधी येतो, तो गंभीरपणे घ्या.

काही गॉगल्स इन्फ्रारेड अडवतात. तुमचा गॉगल घालून कॅमेऱ्याचं चित्र बघा, बाहुल्या दिसल्या तर ठीक. मास्कने जांभई लपते. हात कानाजवळ गेला की फोन समजण्याची चूक सगळेच कॅमेरे अधूनमधून करतात.

गाडी दुसऱ्याच्या हातात देणार असाल तर आत कॅमेरा आहे, काय साठवलं जातं आणि ते कोण बघतं हे त्या माणसाला आधी सांगा. आवाजाची नोंद गरज नसेल तर बंदच ठेवा.

पहिले पंधरा दिवस

सगळे इशारे पहिल्याच दिवशी चालू करू नका. आधी फक्त धडकेचा, कमी संवेदनशीलतेवर. आठवड्याने लेनचा, तोही ताशी ५० ते ६० किलोमीटरच्या वर. गर्दीत सतत वाजणारा कॅमेरा चौथ्या दिवशी बंद केला जातो आणि बंद कॅमेरा काहीच वाचवत नाही.

लेन बदलताना दरवेळी वाजतो, याचं कारण त्याला इंडिकेटर कळत नाही. जोडणीची वायर असेल तर ती इंडिकेटरच्या वायरीला जोडा. इंडिकेटर चालू केल्यावर मल्टिमीटरचा आकडा ठेक्यात वर-खाली होतो ती वायर बरोबर. ही सोय नसेल तर लेनचा इशारा आवाजाऐवजी नुसत्या दिव्यावर ठेवा.

काय बिघडतं आणि का

वळणावर समोर कुणी नसताना धडकेचा इशारा आला, तर कॅमेऱ्याच्या सरळ रेषेत कठडा किंवा कडेला उभी गाडी आलेली असते. एखाददोन वेळा हे होणारच. सरळ रस्त्यावरही होत असेल तर कॅलिब्रेशन पुन्हा करा.

सूर्य समोर खाली असताना चित्र पांढरं पडतं आणि कॅमेरा आंधळा होतो. पोलरायझिंग फिल्टर काचेवरचं डॅशबोर्डचं प्रतिबिंब घालवतो, सूर्यापुढे त्याचं काही चालत नाही. त्या वेळी इशारा येणार नाही असं धरूनच चालवा. पुसट पट्टे, जुन्या पट्ट्यांवर रंगवलेले नवे पट्टे, रस्त्यावरचं डांबराचं ठिगळ यांतही लेन हुकते.

कॅमेरा शिकलेल्या आकारांनाच ओळखतो. उलटलेली ट्रॉली, बाहेर आलेल्या सळया, बसलेलं जनावर त्याला दिसूनही कळत नाही. उंच ट्रेलरची मागची चाकं आत असतात, त्यामुळे चाक टेकण्याची जागा पुढे धरली जाते आणि ट्रेलरचं मागचं टोक आहे त्याहून दूर मोजलं जातं. हे टोक नेमकं काचेच्या उंचीवर असतं, म्हणून ट्रेलरमागे जास्तीचं अंतर स्वतःच ठेवा.

वेग जीपीएसवरून घेणारा कॅमेरा एक-दोन सेकंद मागे राहतो आणि बोगद्यात वेग विसरतो. कॅन-बसवरून, म्हणजे गाडीच्या स्वतःच्या माहितीच्या वायरीवरून, वेग घेणाऱ्याला ही अडचण नसते.

कॅमेरा मधेच बंद-चालू होत असेल तर आधी कार्ड बदला, मग केबल. बारीक तारेच्या तीन-चार मीटर लांब यूएसबी केबलमध्ये ५ व्होल्टचे साडेचार उरतात. कार रेडिओत खरखर आली तर किटचा डबा ॲंटेनाच्या वायरीपासून दूर न्या आणि केबलवर फेराइट कडं चढवा.

रात्री नंबरप्लेट वाचता येत नाही ही भिंगाची खोट नसते. अंधारात शटर १/३० सेकंद उघडं राहिलं आणि समोरची गाडी सेकंदाला २० मीटर वेगाने जवळ येत असली तर त्या एका चित्रात ती ६७ सेंटिमीटर सरकते. उजेडात शटर १/५०० असतं, तेव्हा फक्त ४ सेंटिमीटर. रस्त्यावरचे दिवे चित्रात लुकलुकत असतील तर सेटिंगमधली ५० किंवा ६० हर्ट्झची निवड तिथल्या विजेशी जुळवा.

घड्याळही बघा. जीपीएस वेळ जागतिक असते, टाइम झोन चुकला तर अपघाताच्या चित्रणावर तासांचा फरक दिसतो आणि पुरावा म्हणून त्यावर प्रश्न उभे राहतात.

देखभाल

आठवड्यातून एकदा काच आतून आणि भिंग कोरड्या मायक्रोफायबरने. महिन्यातून एकदा कालची एक फाइल प्रत्यक्ष उघडून बघणं आणि कार्ड फॉरमॅट करणं. फर्मवेअर बदलल्यावर सेटिंग्ज मूळ पदावर जाऊ शकतात, म्हणून उंची आणि सरकेचे आकडे टिकले आहेत का ते तपासा.

काच बदलली, टायरचं माप बदललं, सस्पेन्शनचं काम झालं किंवा कॅमेरा माउंटवरून एकदा जरी निघाला, तर कॅलिब्रेशन पहिल्यापासून. कारखान्याच्या कॅमेऱ्याचंही काच बदलल्यावर पुन्हा करावं लागतं, कधी समोर ठरावीक नक्षीचे फलक उभे करून, कधी रस्त्यावर चालवून. ते काम त्या साधनांच्या गॅरेजमध्येच करून घ्या. आपल्या कॅमेऱ्याची चार मापं आणि कट-ऑफचा आकडा एका कागदावर लिहून ग्लोव्ह बॉक्सच्या झाकणाला आतून चिकटवा. पुढच्या वेळी गाडी तुम्ही सोडून दुसऱ्या कुणी जुळवायला घेतली तर त्याला ओळंबा शोधण्यापासून सुरुवात करावी लागणार नाही.